फेटा, हेल्मेट आणि रागी नावाची घोडी

या सहलीचं मूळ बेंगळुरातल्या सर्जापूर रोडवरच्या एका वाढदिवसात आहे. माझ्या लेकीच्या, सईच्या, वर्गातल्या मुलीचा वाढदिवस होता आणि हल्ली नुसता केक कापून कुणाचं भागत नसल्यामुळे त्या लोकांनी सोसायटीच्या लॉनवर एक तट्टू आणलं होतं. पाठीवर चमकीची झूल, गळ्यात झिरमिळ्या. प्रत्येक मुलाला दोन फेऱ्या. एक माणूस लगाम धरून पुढे चालणार आणि आईवडील मोबाईल धरून बाजूने पळणार. सईच्याही दोन फेऱ्या झाल्या. मला वाटलं, पोरगी खूश असेल. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "मी बसले, पण चालवला कुठे? चालवत तर ते काका होते."

सई सात वर्षांची आहे आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर काढायला आमच्याकडे काही साधन नाही. त्या दिवसापासून घरात एकच विषय. मला घोडा चालवायचाय, स्वतः चालवायचाय. मी म्हणायचे, आधी सायकल नीट चालव. आम्ही एचएसआर लेआउटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. ती खाली कंपाउंडमध्ये सायकल चालवते आणि मी बाल्कनीतून "सई, हेल्मेट!" असं ओरडते. रोज. पंपहाउसच्या कोपऱ्यापर्यंत हेल्मेट डोक्यावर असतं, कोपरा वळला की हँडलला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला हे सांगितलं, तेव्हा त्यांना भलतंच समाधान झालेलं दिसलं.

शेवटी माझ्या नवऱ्याने, विनयने, नंदी डोंगराच्या पायथ्याशी एक घोड्यांचं फार्म शोधून काढलं. एक रात्र राहायचं, दोन दिवस स्वारी, मुलांना शिकवतात. इथपर्यंत ठीक होतं. मग विनयने ही बातमी त्याच्या वडिलांना फोनवर सांगितली. तिथे सगळं बिघडलं.

विनयचे वडील म्हणजे अण्णा. घरातले सगळेच, सईसुद्धा, त्यांना अण्णाच म्हणतात. राजाजीनगरात राहतात, बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठा फौजेबरोबर बेंगळुरात आलं आणि इथलंच झालं. आता त्यांच्या बोलण्यात निम्मी कन्नड असते, सणाला पुरणपोळीऐवजी होळीगे होते, पण "आपण घोड्यावरून आलो" हे वाक्य त्यांनी जिवापाड जपलंय. मी पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात मला हे वाक्य वाढलं गेलं, पानातल्या कोसंबरीच्या आधी. अण्णा स्वतः आयुष्यात एकदाच घोड्यावर बसलेत, स्वतःच्या वरातीत, आणि सासूबाई सांगायच्या की तेव्हाही दोघांनी धरलं होतं. पण फोनवर ते म्हणाले, "आमची नात पहिल्यांदा घोड्यावर बसणार आणि मी घरी बसू? बेडा, ते नको! मी येणार."

शनिवार

मार्ग विचारणाऱ्यांसाठी आधीच सांगते. एचएसआरहून निघत असाल तर पहाटे रिंग रोडने सरळ हेब्बाळ गाठा आणि विमानतळाच्या रस्त्याला लागा. आम्ही तसं केलं नाही, कारण आधी राजाजीनगर. म्हणजे झोपलेल्या शहराच्या एका टोकाकडून दुसरीकडे जायचं आणि शहर जागं झाल्यावर त्यातून बाहेर पडायचं. अण्णा गेटवर तयार उभे होते. पांढरी पँट, धुतलेले बूट आणि काखेत पुठ्ठ्याचा गोल डबा.

"डब्यात काय आहे, अण्णा?" मी विचारलं.

"कळेल की. स्वल्प धीर धर."

हेब्बाळच्या पुढे एका दर्शिनीत इडली-वडा आणि कॉफी घेतली. मुलं बरोबर असतील तर इथेच पोट भरून घ्या, पुढे फार्मवर जेवण उशिरा असतं. उभ्याने खायचं, दोन मिनिटांत निघायचं, हा दर्शिनीचा नियम. अण्णांनी तीनदा चटणी मागितली आणि शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला कन्नडमध्ये सांगितलं की आज आमची नात घोड्यावर बसणार आहे. तो माणूस म्हणाला, "सूपर, सार!" आणि आपल्या वड्याकडे वळला. डबा मात्र अण्णांनी काखेतून काढला नाही.

देवनहळ्ळी ओलांडल्यावर द्राक्षांचे मळे लागतात आणि हवेत गारवा येतो. नंदीचा डोंगर समोर दिसायला लागला की गाडीतले सगळे गप्प होतात. आम्ही झालो नाही. मागच्या सीटवर अण्णा सईला मांडी कशी आवळायची ते शिकवत होते आणि पुढच्या सीटवरून मी "पडायला लागलीस तर काय करायचं" यावर बोलत होते. विनय म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे." हे त्याचं आवडतं वाक्य आहे आणि ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. शेवटचा थोडा रस्ता कच्चा आहे, लहान गाडीचा तळ घासतो, हळू घ्या.

फार्म चालवणारी बाई मूळची बेळगावकडची. आधी एचएसआरमध्येच कुठल्याशा कंपनीत होती, मग नोकरी सोडून घोडे पाळायला लागली. लहानथोर सगळे तिला गीताक्का म्हणतात. तिला मराठी येते हे कळल्यावर अण्णांचा चेहरा फुलला, पण तो फार वेळ तसा राहिला नाही, कारण गीताक्काने आल्या आल्या नियम सांगायला सुरुवात केली. हेल्मेटशिवाय रिकिबीत पाय ठेवायचा नाही. आईवडील कठड्याच्या बाहेर. "आणि रिंगणात एकच आवाज पाहिजे. माझा."

मी अभिमानाने पिशवीतून सईचं हेल्मेट काढलं. गीताक्काने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. "मॅडम, हे सायकलचं हाय. घोड्याला चालत नाही." मग मी गुडघ्याचे पॅड काढले. "ह्ये पण नको की. खोगिराला लागतात, पोरीला पायानं धरताच येणार नाही." मी ऑनलाइन मागवलेल्या त्या सगळ्या सामानाची पिशवी पुन्हा डिकीत गेली. तुम्ही जाणार असाल तर काही घेऊ नका. लांब पँट, टाच असलेले बूट, बास. बाकी तिथे मिळतं.

मग गीताक्का सईसमोर उकिडवी बसली. "बसायचं हाय का तुला? आईकडं बघू नको, मी तुला विचारतेय."

सईने माझ्याकडे न बघता "हो" म्हटलं. मला ती बाई जरा जास्तच शहाणी वाटली.

घोडीचं नाव रागी. नाचणीच्या रंगाची, फार उंच नाही, वयाने पोक्त. सईने आधी तिला खरारा केला, मग तिचे दात बघितले, मग वर बसली. गीताक्काने दोरी हातात धरली आणि कदमचालीने फेऱ्या सुरू झाल्या. मी कठड्याबाहेर होते, हे मी मुद्दाम नोंदवते. पण कठड्याबाहेर उभं राहणं वेगळं आणि आपलं पोर जनावरावर डुगडुगत असताना तोंड मिटून उभं राहणं वेगळं. "सई, पाठ सरळ! सई, घट्ट धर!" पलीकडून अण्णा, "मांडी आवळ! मान वर! आपण कोण आहोत?" गीताक्काने घोडी थांबवली.

"घोडी पण ऐकालीय," ती म्हणाली. "कुणाचं ऐकायचं तेच तिला कळंना. गप बसता का दोघं?"

सासरे आणि सून या नात्यात इतक्या वर्षांत आम्हाला एकत्र कुणी कधी दटावलं नव्हतं. आम्ही दोघांनीही विनयकडे बघितलं. तो व्हिडिओ काढत होता.

उतरल्यावर गीताक्का म्हणाली, उद्या सकाळी सगळं ठीक दिसलं तर दोरी सोडू, तिची ती चालवेल. सईने लगेच माझ्याकडे बघितलं. तिला नेमकं हेच हवं होतं, बाकी सगळी यातायात त्यासाठीच होती.

"बघू," मी म्हणाले.

"बघू म्हणजे नाही ना?"

"बघू म्हणजे बघू."

जेवायला मुद्दे आणि पालेभाजीचं सोप्पुसारू होतं. नाचणीचा तो गोळा चावायचा नाही, आमटीत बुडवून गिळायचा, हे अण्णांनी सईला दाखवलं आणि तिने ते लगेच आत्मसात केलं. मला अजूनही जमत नाही. पोटाला मात्र छान आधार होतो.

संध्याकाळी डबा उघडला. आत फेटा होता, केशरी, जरीच्या काठाचा, अण्णांच्या वरातीतला. राजाजीनगरच्या दिवाणखान्यात घराण्यातल्या एका पूर्वजाचं रंगवलेलं चित्र आहे, फेट्यातलं, घोड्यावरचं. त्याच्या शेजारी सईचा फोटो लावायचा बेत अण्णांनी फोन ठेवला तेव्हाच केला होता. गीताक्का चारा उतरवून घ्यायला मागच्या बाजूला गेली होती. एका पाहुण्याची फेरी संपवून मोतद्दार रागीला तबेल्याकडे नेत होता. अण्णांनी त्याला कन्नडमध्ये थांबवलं. एक फोटो, उभ्या घोडीवर, दोन मिनिटं.

"हेल्मेट," मी म्हणाले.

"उभ्या घोडीवर हेल्मेट? फोटोत? आमच्या घराण्यात कुणी हेल्मेट घालून आलं होतं काय?"

"तुमच्या घराण्यात किती जण पडले त्याचे फोटो आहेत का?"

"दोघांचंही..." विनय म्हणाला.

"तू गप!" हे आम्ही दोघांनी.

या सगळ्यात सई दोनदा म्हणाली होती, "मला फेटा नको, टोचतो." हे मला विनयच्या व्हिडिओत नंतर ऐकू आलं. तेव्हा ऐकू आलं नाही, कारण मी तिच्या डोक्यासाठी भांडण्यात गुंतले होते. भांडता भांडता फेटा बांधून झाला, आणि अण्णांनी तिला उचलून वर बसवलंही.

डोंगराकडून वारा आला. फेट्याचा शेमला उडाला आणि रागीच्या डोळ्याशी फडफडला. ती एक पाऊल बाजूला सरकली. तेवढंच. आणि मी जिवाच्या आकांताने "सई!" असं ओरडले. त्या आवाजाने घोडी खरोखर उसळली आणि सई वाळूत पडली.

कोपर सोलवटलं. डोकं वाचलं, ते वाळूमुळे आणि नशिबामुळे. गीताक्का धावत आली, सईची बोटं हलवून बघितली, डोळ्यांत बघितलं, दिवस-वार विचारला, आणि तरी दवाखान्यात न्या म्हणाली. देवनहळ्ळीतल्या डॉक्टरांनी तपासून इंजेक्शन दिलं, खरचटण्यापलीकडे काही नाही म्हणाले. जाताना आणि येताना गाडीत आम्ही भांडत होतो.

"तू ओरडलीस म्हणून घोडी बिथरली," अण्णा म्हणाले.

"तुमचा फेटा फडफडला म्हणून बिथरली."

फार्मवर परतल्यावर निवाडा गीताक्काने केला. "दोन्हीमुळं. आणि माझा माणूस थांबला म्हणून." मोतद्दाराला तिने कन्नडमध्ये काय सुनावलं ते मला सगळं कळलं नाही. अण्णांना मराठीत सुनावलेलं मात्र सगळं कळलं, आणि ऐकताना मला आनंद झाला हे लपवत नाही. मग तिने माझ्याकडे मोर्चा वळवला आणि माझा आनंद संपला.

मी जाहीर केलं की उद्या सकाळी उठून घरी जायचं, घोडा हा विषय बंद. आणि तेव्हा अण्णा, लग्नानंतर पहिल्यांदा, माझ्या बाजूने बोलले. "सरी, ठीक आहे. मला पण तेच वाटतं. मुलगी आहे शेवटी. कशाला पाहिजे?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. सकाळपासून "आमची नात" घोड्यावर बसणार म्हणून अनोळखी माणसांना सांगत फिरणारे हे गृहस्थ, एक कोपर सोलवटल्याबरोबर ती मुलगी असल्याचं त्यांना आठवलं! पण बोलू काय? ते माझ्याच बाजूने बोलत होते. सई पलंगावर कोपराला फुंकर घालत होती. "पडले मी," ती म्हणाली, "आणि भांडता तुम्ही." मग कूस बदलून झोपली.

रविवार

सकाळी उठले तर पलंग रिकामा. सई व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. बूट घातलेले, फार्मचं हेल्मेट डोक्यावर, पट्टा बांधलेला. गीताक्का शेजारी चहा पीत होती.

"मला चालवायचीय," सई म्हणाली. "हेल्मेट घालून. फेटा नाही. आणि तुम्ही कुणी यायचं नाही."

"आम्ही कठड्याबाहेरच थांबू."

"नाही. दिसायचंच नाही."

"का?"

"तू ओरडलीस की माझं लक्ष रागीवर राहत नाही. तुझ्याकडे जातं. आणि तिचंपण."

मी गीताक्काकडे बघितलं. मला वाटलं, ही बाई आता विजयी चेहऱ्याने स्वातंत्र्यावर व्याख्यान देणार. पण ती म्हणाली, "लहान पोर हाय मॅडम. तिच्या एकटीच्या बोलण्यावर मी दोरी सोडत नाही. तुम्ही हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण बघू म्हणू नका."

तेवढ्यात अण्णा मागून म्हणाले, "काल ठरलंय ना? नको म्हणून?"

मी सईच्या हनुवटीखाली बोट घालून पट्टा तपासला. एक बोट जेमतेम जात होतं. नीट होता. तिनेच बांधला होता. घरी सायकलच्या हेल्मेटचा पट्टा बांधायला मला रोज तिच्यामागे पळावं लागतं.

"हो," मी म्हणाले. "जा."

जेवणाची पत्र्याची शेड तबेल्याच्या मागे आहे, तिथून रिंगण अजिबात दिसत नाही. आम्ही तिघे तिथे बसलो. समोर तांदळाची अक्की रोट्टी आली, तव्यावरून काढलेली, बडीशेप आणि हिरवी मिरची घातलेली. ती गार होत गेली. सुरुवातीला टापा ऐकू आल्या, संथ. मधूनच गीताक्काचा आवाज. मग टापांचा ताल बदलला.

अण्णांनी टेबलावर बोटं धरली होती. "दुडकी आहे ही," ते हळूच म्हणाले. "कदम नव्हे."

मग सगळं थांबलं. टापा नाहीत, आवाज नाही. अण्णा उठले. मीही निम्मी उठले होते. माझ्या घशापर्यंत तिचं नाव आलं होतं, आणि ते तिथे अडवून धरताना मला जे झालं ते मी इथे नीट लिहू शकणार नाही. मला रडू येत होतं आणि संताप येत होता, त्या बाईचा, अण्णांचा, त्या सर्जापूर रोडच्या तट्टाचासुद्धा.

"बसा, अण्णा," मी म्हणाले.

ते बसले. मीही बसले. विनय काहीच बोलला नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. बऱ्याच वेळाने टापा पुन्हा सुरू झाल्या.

सई चालत आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता आणि केस घामाने चिकटले होते. आधी पाणी प्यायली. "मधेच रागी थांबली," ती म्हणाली. "मी नव्हती थांबवली, तिनेच ठरवलं. गीताक्का काहीच बोलली नाही. मग मी पाय लावले. मग चालली."

"भीती वाटली?"

"हो," सई म्हणाली आणि माझ्या ताटातली गार रोट्टी ओढून घेतली.

एवढंच. यापेक्षा जास्त तिने आजतागायत काही सांगितलेलं नाही. फोटो नाही, व्हिडिओ नाही.

परतीचं सांगते. रविवारी दुपारी जेवून लगेच निघा, नाहीतर हेब्बाळला अडकाल. आम्ही अडकलो. फार्म निवडताना मुलांच्या मापाची घोड्याची हेल्मेट आहेत का, एवढं फोनवर आधी विचारा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना न्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी काही बोलत नाही.

राजाजीनगरला उतरताना अण्णांनी डबा छातीशी धरला होता. खिडकीतून वाकून ते सईला म्हणाले, "पुढच्या वेळी हेल्मेटवरून फेटा गुंडाळला तर? स्वल्पच."

"नाही, अण्णा."

त्यांनी डबा पुन्हा काखेत घेतला. "सरी," म्हणाले आणि गेट उघडून आत गेले.

लोक विचारतात, मग काय, आता भीती गेली का? अजिबात नाही. उलट वाढली. मी आजही गीताक्काच्या अर्ध्या गोष्टींशी सहमत नाही, आणि उभ्या घोडीवर हेल्मेट कशाला या प्रश्नाचं अण्णांना कोपरासकट उत्तर मिळूनही ते मनातून बदललेत असं मला वाटत नाही. दिवाणखान्यात पूर्वजाशेजारची जागा रिकामी आहे, खिळा मात्र त्यांनी ठोकून ठेवलाय.

परवा संध्याकाळी सई सायकल घेऊन निघाली. दारातून म्हणाली, "आई, आज बाल्कनीत येऊ नकोस." मी "बघू" म्हणणार होते. "बरं," म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या गल्लीत उघडते, तिथून कंपाउंड दिसत नाही. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. मी तांदूळ धुतलेलं पाणी ओतून दिलं, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

पहिली शिट्टी व्हायच्या आत दाराची बेल वाजली. धावत जाऊन दार उघडलं. सई धापा टाकत उभी होती, वैतागलेली.

"हेल्मेट राहिलं," ती म्हणाली, चपलांच्या कपाटावरून ते उचललं, पट्टा बांधला आणि पुन्हा खाली गेली.